कुटार, बैलजोडी आणि चारशे बेड

पत्राचा सारांश : दक्षिण नागपुरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. वय ३८, पती खाजगी नोकरीत, दोन मुले शाळेत. सासरची शेती उमरेड तालुक्यात असून सासरे गावी राहून ती पाहतात आणि अजूनही एक बैलजोडी बाळगून आहेत. सासूबाई दम्याच्या उपचारासाठी नागपुरात यांच्याकडेच असतात. मळणीनंतर शेतात सोयाबीनच्या कुटाराचा (मळणीतून उरलेल्या सुक्या भुश्याचा) ढीग पडतो, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर पेटवल्या जातात, तुऱ्हाट्या (तुरीच्या काड्या) पडून राहतात. या ‘फुकटच्या कचऱ्यावर’ धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घ्यावी, असे या ताईंच्या मनात आहे. एका कंपनीने १,२०,००० रुपयांत ४०० बेडचे (काड भरून ज्यांत अळिंबी उगवतात त्या पिशव्यांचे) साहित्य, बियाणे आणि प्रशिक्षण देऊ केले आहे. दोन महिन्यांत बेडमागे दोन किलो अळिंबी निघेल आणि ती सगळी २०० रुपये किलोने कंपनीच परत घेईल, असे तिचे म्हणणे आहे. सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे. पैसे शिवणकामातून साठवलेले आहेत. सासरे म्हणतात, कुटार बैलांचे आहे. सासूबाई म्हणतात, कुत्र्याची छत्री घरात नको. घरामागे टिनाच्या छताची एक रिकामी खोली आहे. ताई विचारतात : “ही जुन्या विचारांची माणसे आहेत. त्यांना कसे समजावू? आणि पैसे भरू की नको?”

उत्तर :

ताई, मुदत डोक्यावर असताना तुम्हाला ताटकळत ठेवणे बरे नव्हे, म्हणून निवाडा आधीच सांगते. या कंपनीला पैसे भरू नका. अळिंबी मात्र याच हंगामात लावा, आणि ती वीस बेडांची लावा. असे का म्हणते, ते आता सविस्तर लिहिते, कारण शेतातल्या काडीकचऱ्याकडे पाहून तुमच्यासारखाच विचार करणारे वाचक आणखीही असणार.

सुरुवात कंपनीच्या आकड्यांपासून करू. धिंगरीच्या एका मध्यम बेडमध्ये साधारण साडेतीन किलो ओले भरण, म्हणजे भिजवलेले काड-कुटार, बसते. त्यात सत्तर टक्के पाणी असते, म्हणजे कोरडे कुटार जेमतेम एक किलो. एक किलो कोरड्या काडातून, एका बेडला होणाऱ्या तिन्ही तोडण्या मिळून, ५०० ते ७०० ग्रॅम ताजी अळिंबी निघाली, तर काम चांगले झाले असे समजतात. हात बसलेला असेल, बियाणे ताजे असेल आणि खोली थंड राहत असेल, तर हा आकडा किलोच्या जवळपास जातो. कंपनी तुम्हाला दोन किलो सांगते आहे. आता ६०० ग्रॅम धरून हिशेब मांडा : ४०० बेडमधून २४० किलो, आणि तुम्हाला सांगितलेल्याच दराने त्याचे ४८,००० रुपये. कागदावर दाखवलेले १,६०,००० कोठल्या कोठे राहतात. किलोमागे किलो निघाली असे मानले तरी हाती ८०,००० येतील, आणि तुम्ही भरलेले १,२०,००० असतील. साहित्यातले काही पुढच्या खेपेला उपयोगी पडेल हे खरे, पण पहिल्याच खेपेला एकही बेड खराब होणार नाही, हेही यात धरलेले आहे. आणि ते कोणाच्याही हातून होत नाही. शिवाय कंपनीचे पैसे पहिल्या दिवशी तिच्या हातात पडतात आणि तुमचे दोन महिन्यांनी, तेही तिने माल पसंत केला तर. एवढा एक हिशेब कागदावर उतरवून पतींना दाखवा. माझ्या सल्ल्यापेक्षा तो लवकर पटेल.

आता तुमच्या पत्रातल्या ‘फुकटचा कचरा’ या शब्दांकडे वळते, कारण माझ्या मते सगळा घोळ तेथेच आहे. कुटार स्वस्त आहे, याबद्दल वाद नाही. पण अळिंबीच्या खर्चात सर्वांत लहान रक्कम या कुटाराचीच असते. खर्च होतो तो बियाण्यावर, पाणी तापवण्यावर, खोली थंड आणि ओलसर राखण्यावर आणि सर्वांत जास्त तुमच्या स्वतःच्या वेळेवर. दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारणे, बेड तपासणे, सकाळी तोडणी करून त्याच दिवशी माल विकणे, हे काम रोजचे आहे, आणि ते शिवणयंत्रापासून उठून करावे लागेल. जेवढा वेळ तिकडे जाईल, तेवढे शिवण कमी होईल. कच्चा माल फुकट मिळतो म्हणून धंदा स्वस्तात होतो, हे गृहीतक सोडून दिले, तर पुढचे निर्णय सोपे जातील.

दुसरे म्हणजे, कुटार हा कचरा आहे हेही तपासून घ्यायला हवे. सासरे ‘कुटार बैलांचे आहे’ म्हणतात, तेव्हा ते जुना विचार मांडत नसून चाऱ्याचा हिशेब मांडत आहेत. एक बैल दिवसाला सात-आठ किलो सुका चारा सहज खातो; जोडीचे पंधरा किलो धरा. चारशे बेडांना चारशे किलो कोरडे कुटार लागेल, म्हणजे बैलजोडीचा जवळजवळ महिनाभराचा चारा. उन्हाळ्यात गावात चारा विकत घ्यायची वेळ आली, तर ते पैसे कोण देणार, हा प्रश्न त्यांच्या मनात असणारच आणि तो रास्त आहे. वीस बेडांना मात्र वीस किलो पुरते, म्हणजे दीड दिवसाचाही चारा नाही. चारशेची परवानगी मागण्यापेक्षा वीस किलो कुटार मागून पाहा. ते देताना त्यांना काही समजावून सांगण्याची वेळच येणार नाही.

आता कोणता माल घ्यावा याविषयी. धिंगरी ही मुळात लाकूड कुजवणारी बुरशी आहे. जंगलात ती मेलेल्या झाडांच्या खोडांवर उगवते. झाडाला ताठपणा देणारे लिग्निन नावाचे चिवट द्रव्य फार थोड्या जीवांना पचते. धिंगरी आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) ते तोडते आणि त्याच्या आडचे सेल्युलोज खाते. काड, कुटार, तणस (धानाचा पेंढा) यांत नत्र कमी असते आणि साखर जवळपास नसते, त्यामुळे इतर बुरशींना आणि जिवाणूंना त्यात लवकर बस्तान बसवता येत नाही आणि धिंगरीला मोकळीक मिळते. म्हणजे माल निकस असणे हाच येथे त्याचा गुण आहे. नागपुरात अनेकांना संत्र्याच्या सालींवर, भाजीबाजारातल्या टाकाऊ पाल्यावर किंवा हॉटेलातल्या उरलेल्या अन्नावर अळिंबी घेण्याची कल्पना सुचते. तो माल फुकट मिळतोही, पण त्यातली साखर आणि पाणी यांमुळे धिंगरी जागी होण्याआधीच हिरवी-काळी बुरशी त्याचा ताबा घेते. तो खताच्या खड्ड्यातच जाऊ द्यावा.

तुमच्याकडच्या मालापैकी सोयाबीनचे कुटार चांगले. शेंगवर्गातले असल्याने त्यात गव्हांड्यापेक्षा (गव्हाच्या काडापेक्षा) नत्र थोडे अधिक असते आणि उत्पादन बरे येते. मात्र याच कारणाने ते लवकर तापते आणि हिरव्या बुरशीलाही आवडते. दुसरी अडचण अशी की थ्रेशरमधून निघालेले बारीक कुटार भिजल्यावर पिशवीत दाबून बसते आणि आतपर्यंत हवा पोचत नाही. म्हणून पहिल्या खेपेला निम्मे कुटार आणि निम्मे धानाचे तणस घ्यावे. तणस दोन-अडीच इंचांचे तुकडे करून मिसळले की भरण मोकळे राहते. भिवापूर, मौदा, रामटेक या बाजूला धानाची मळणी झाली की तणस मिळायला अडचण पडत नाही. गव्हांडाही चालतो, पण तो नवा मिळेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो आणि तोवर आपल्याकडचा हंगाम सरत आलेला असतो. परतीच्या पावसात भिजलेले, आतून काळे पडलेले, कुबट वास येणारे कुटार कितीही भरपूर असले तरी घेऊ नका. बैल ज्याला तोंड लावत नाही ते अळिंबीलाही घालू नये, एवढा नियम पुरेसा आहे.

पऱ्हाट्यांवर धिंगरी येते. कपाशीच्या अवशेषांवर अळिंबी घेण्याचे काम संशोधन संस्थांनी केलेले आहे आणि कापसाच्या प्रदेशात ते महत्त्वाचेही आहे. पण त्यासाठी पऱ्हाटीचे यंत्राने दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावे लागतात. नुसती कुऱ्हाडीने तोडलेली पऱ्हाटी ना नीट भिजत, ना पिशवीत नीट बसत, आणि तिची टोके पिशवी फाडतात. शिवाय कपाशीवर हंगामभर किती आणि कोणत्या फवारण्या झाल्या, हे सासऱ्यांनाच ठाऊक. अळिंबी आपल्या भरणातली जड धातूंसारखी द्रव्ये स्वतःत साठवू शकते, म्हणून भरपूर फवारणी झालेल्या पिकाचे अवशेष खाण्याच्या पिकासाठी वापरताना हात आखडता घेतलेला बरा. सोयाबीनवरही शेवटची फवारणी केव्हा झाली ते विचारून घ्या. मग पऱ्हाट्यांचे काय करावे? पाणी तापवायला त्यांच्यासारखे सरपण नाही. त्या शेतात किंवा बांधावर नुसत्या रचून ठेवल्या, तर त्यांवरच्या न उमललेल्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून त्या वेळेत उपटून काढणे शेतीच्याही हिताचे आहे. बांधावर उगाच पेटवण्यापेक्षा ड्रमखाली पेटवाव्यात.

सासूबाईंचा विरोध मला सासऱ्यांच्या विरोधापेक्षा जास्त गंभीर वाटतो. ‘कुत्र्याची छत्री’ हे नाव सोडा. त्यावर बोलता येईल. पूर्व विदर्भात पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या सात्या नावाच्या रानअळिंब्या लोक चढ्या भावाने विकत घेऊन खातात, आणि त्या सात्यांची शेती मुळात वाळवी करते : सुकी पाने आणि काड्या चघळून ती वारुळात थर रचते आणि त्यावर बुरशी पोसते. वाळवीवाचून त्या उगवत नाहीत, म्हणून माणसाने अजून त्या पिशवीत घेतलेल्या नाहीत. ही गोष्ट सासूबाईंना सांगितली तर त्यांना कदाचित मौज वाटेल. खाण्याची सक्ती मात्र कोणावर करू नये. परंतु त्यांना दमा आहे, आणि धिंगरी पक्व झाली की तिच्या छत्रीतून बीजाणूंचा अतिशय बारीक धुरळा मोठ्या प्रमाणात सुटतो. बंद खोलीत काम करणाऱ्या निरोगी माणसांनाही त्याने खोकला, शिंका, कधी ताप येतो; दम्याच्या रुग्णाला तर तो उघड त्रासाचा आहे. तेव्हा घरात हे उगवू नये, या त्यांच्या म्हणण्यामागे भावना कोणतीही असो, वैद्यकीय दृष्ट्या ते बरोबर आहे. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी हरकत घेतली नाही, तरीही मागच्या खोलीची घराच्या बाजूची खिडकी किंवा झडप असेल, तर ती कायमची बुजवा. दार अंगणाकडेच उघडू द्या. आत जाताना मास्क लावा. आणि छत्रीची कड सपाट होऊन वर वळण्याआधीच, ती अजून किंचित खाली झुकलेली असताना तोडणी करा, म्हणजे बीजाणू सुटण्याआधीच माल बाहेर पडतो. एवढे करूनही पहिल्या तोडणीच्या सुमारास सासूबाईंचा खोकला वाढला, तर खोली बंद करून बेड गावी हलवावेत. त्यावर घरात चर्चा होऊ नये.

ऋतूविषयी थोडक्यात. धिंगरीला २० ते ३० अंश तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. टिनाच्या छताखाली त्याहून अधिक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला सर्वांत निर्धोक काळ. कडाक्याच्या थंडीत वाढ जरा रेंगाळते, एवढेच. टिनावर तणसाचा किंवा जुन्या पोत्यांचा थर पसरा, आतून हिरवी जाळी ताणा, जमिनीवर वाळू पसरून ती ओली ठेवा. कोरड्या उन्हाळ्यात आपला वाळ्याचा कूलर हवा थंडही करतो आणि ओलीही, त्यामुळे मार्चपर्यंत त्याच्यावर निभावता येईल. त्यापुढे पहिल्या वर्षी थांबावे. उन्हाळ्यासाठी दुधी अळिंबी असते, तिला ३० ते ३५ अंश मानवतात, पण बेडवर मातीचा थर द्यावा लागतो आणि ते काम धिंगरीवर हात बसल्यावर करण्याचे आहे. बटन अळिंबीचे नावही सध्या काढू नका. तिला कंपोस्ट आणि वातानुकूलित खोली लागते.

आता वीस बेडांची तयारी. एखाद्या रविवारी हे काम गावी, सासऱ्यांच्या देखत करावे असे मला वाटते. सरपण तेथे आहे, मोकळे अंगण आहे, आणि आपल्या कुटाराचे काय होते हे त्यांना प्रत्यक्ष दिसेल. आदल्या संध्याकाळी कुटार आणि तणस स्वच्छ पाण्यात भिजत घाला. सकाळी ते स्वच्छ पोत्यांत भरून निथळू द्या. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी ८० अंशांपर्यंत तापवा आणि पोते त्यात पूर्ण बुडवून, वर दगड ठेवून, तासभर राहू द्या. पाणी खळखळा उकळण्याची गरज नाही, पण तापमान उतरू देऊ नका. यासाठी एक थर्मामीटर विकत घ्यावाच, अंदाजावर राहू नये. एका वेळी पाच-सहा किलो कोरड्या मालाचेच पोते बसेल, म्हणजे वीस किलोला तीन-चार फेऱ्या होतील. अनेक पुस्तिकांत ९० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि १२५ मिलिलिटर फॉर्मेलीन (जंतुनाशक) घालून, त्यात दहा-बारा किलो काड सोळा-अठरा तास भिजवण्याची रीत दिलेली असते. ती स्वस्त पडते आणि बरेच उत्पादक ती वापरतात. पण घरात दम्याचे माणूस आणि शाळकरी मुले असताना, शिवाय उरलेले भरण पुढे गोठ्यात नेण्याचा विचार असताना, फॉर्मेलीनची बाटली घरी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरम पाण्यातून काढलेले भरण स्वच्छ धुतलेल्या ताडपत्रीवर पसरून सावलीत गार करा. किती ओले असावे याची परीक्षा हाताने होते : मूठभर घेऊन घट्ट दाबले की तळवा ओला व्हावा, पण बोटांतून थेंब ओघळू नयेत. नवख्या माणसाची बहुतेक चूक येथेच होते. घाईने ओलेच भरण पिशवीत कोंबले जाते, तळाशी पाणी साचते आणि आठवड्याभरात आंबूस वास सुटतो. वाट पाहावी लागली तर पाहा. बियाणे ओल्या भरणाच्या दोन ते तीन टक्के लागते. वीस बेडांच्या सत्तर किलोंना दोन किलो भरपूर झाले. हे बियाणे ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेले असते. ते महिन्याच्या आतले असावे, दाण्यादाण्यावर पांढरी लव असावी, हिरवा-काळा ठिपका दिसला किंवा आंबट वास आला तर पैसे गेले तरी चालतील पण ते वापरू नका. हात साबणाने धुऊन, पिशवीत चार बोटे भरण आणि कडेने बियाणे असे थर द्या, तोंड बांधा, आणि बाजूने पंधरा-वीस लहान छिद्रे पाडा.

मग बेड नागपूरला आणून पंधरा-वीस दिवस मागच्या खोलीत अंधारात, एकमेकांना न चिकटता टांगून किंवा मांडून ठेवा आणि त्यांच्याकडे नुसते पाहत राहा. छिद्रांच्या आसपास कापसासारखे पांढरे धागे दिसू लागतात, ते एकमेकांत मिसळतात आणि एक दिवस अख्खा बेड पांढराशुभ्र, हाताला घट्ट लागतो. तेव्हा पिशवी कापून काढावी, खोलीत थोडा उजेड आणि भरपूर ताजी हवा येऊ द्यावी आणि फवारणी सुरू करावी. चार-सहा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात. देठ लांब आणि छत्री लहान राहू लागली, तर खोलीत हवा कोंडली आहे असे समजा. एखाद्या बेडवर हिरवा चट्टा दिसला, तर तो बेड लगेच खोलीबाहेर काढून दूर मातीत पुरावा. उरलेला भाग चांगला दिसतो म्हणून ठेवला, तर शेजारचे चार बेड जातात. बेडवर तुम्ही न लावलेली कुठलीही छत्री उगवली, तर ती खायची नाही, कोणाला द्यायचीही नाही.

वीस बेडमधून दोन महिन्यांत दहा ते चौदा किलो माल अपेक्षित धरा. तो विकणे हा या प्रयोगाचा अर्धा भाग आहे, आणि कंपनीच्या परत-खरेदीमुळे लोक नेमका तोच टाळतात. नागपुरात गिऱ्हाईकाला बटन अळिंबी ओळखीची आहे. धिंगरी दाखवली की हे कसे शिजवायचे, असा पहिला प्रश्न येतो. ती ताजी असताना दिवसभरच चांगली राहते, शीतकपाटात तीन-चार दिवस. म्हणून बेड भरण्याआधीच, शिवणाच्या निमित्ताने तुमच्याकडे येणाऱ्या बायकांना विचारून पाहा : पाव किलोची पुडी आठवड्यातून एकदा कोण घेईल? दहा घरे मिळाली, तर वीस बेडांचा माल तेथेच संपेल. गोकुळपेठेच्या किंवा तुमच्या भागातल्या भाजीवाल्याकडे दोन-चार पुड्या ठेवून भाव काय मिळतो ते पाहा. उरलेला माल वाया घालवू नये. आपल्याकडचे हिवाळ्याचे ऊन कोरडे असते. अळिंबी फाडून जाळीवर स्वच्छ कापडाखाली वाळवली, तर दहा किलोची एक किलो होते आणि हवाबंद डब्यात महिनोन्‌महिने टिकते. वाळवलेला माल पाकिटातून विकायचा झाला, तर अन्न सुरक्षा नोंदणी लागेल. ती चौकशी दुसऱ्या खेपेच्या आधी करा.

एवढ्या सगळ्याला थर्मामीटर, पिशव्या, बियाणे आणि फवारणीचा पंप धरून फार तर हजार-दोन हजार रुपये लागतील. प्रशिक्षण म्हणाल, तर नागपुरात महाराजबागेजवळ १९०६ सालापासूनचे कृषी महाविद्यालय आहे; ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे. तेथल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अळिंबीचे प्रशिक्षण केव्हा आहे आणि बियाणे मिळेल का, हे जाऊन विचारा. हिमाचलमधल्या सोलन येथे देशाची अळिंबी संशोधन संस्था आहे. तिने सुचवलेल्या पद्धती पडताळून पाहायला उपयोगी पडतात.

तिन्ही तोडण्या झाल्यावर उरलेले भरण मऊ आणि हलके झालेले असते. रसायन वापरलेले नसेल आणि त्यावर कसलीही रंगीत बुरशी नसेल, तर ते उन्हात वाळवून नेहमीच्या चाऱ्यात थोडे थोडे मिसळून देता येते. पण आधी पशुवैद्यकाला दाखवा, आणि बैलाने सोडले तर आग्रह धरू नका. गांडूळखतासाठी ते उत्तमच आहे. पुढे बेड वाढवायचे ठरले, तर जागेचा विचार नव्याने करावा लागेल. कुटार वजनाला हलके पण जागा फार खाते, त्यामुळे चारशे किलो कुटार उमरेडहून नागपूरला आणण्याचे भाडे फुकटच्या मालाला महाग करून टाकते. मोठ्या प्रमाणावर करायचे तर ते गावीच करावे, आणि तेथे रोज लक्ष द्यायला कोण आहे हे आधी ठरवावे. गोठ्याला लागून मात्र खोली नको. तेथल्या माश्या भरणात अंडी घालतात.

कंपनीला काय उत्तर द्यावे, तेही सांगते. नाही म्हणण्याआधी, जमल्यास, चार प्रश्न लेखी पाठवा : परत-खरेदीचा करार मुद्रांकावर मिळेल का, माल नाकारण्याचे निकष काय आणि वजन कोठे होणार, नुसते बियाणे विकत मिळेल का, आणि दुसऱ्या वर्षीही माल देणारे दोन उत्पादक नागपूर जिल्ह्यात कोण आहेत, ज्यांच्याकडे तुम्ही एकट्या जाऊन पाहू शकाल. सरळ उत्तरे आली, तर त्यांच्याकडून दोन किलो बियाणे घ्यायला माझी हरकत नाही. मुदतीची आठवण करून देणारे फोनच आले, तर विषय संपला.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी अशा योजनेत आधीच पैसे भरले आहेत, त्यांनी पावत्या, जाहिरातीचे पत्रक आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवावेत, नाकारलेल्या मालाची तारखेनिशी छायाचित्रे काढावीत आणि तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूंवर ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे सांगून पुष्कळदा परत पाठवले जाते. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्यातून वगळलेले आहे, म्हणून अशी व्यक्ती ग्राहक म्हणून दाद मागू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.